नावं ठेवून घेतलेली पाटी

झूराकानच्या युर्टमधून, म्हणजे नमद्याच्या गोल तंबूतून, करपल्याचा वास आला, की ओढ्यापलीकडच्या बायका एकमेकींना म्हणायच्या, "गोष्टीत कोणाचा तरी जीव धोक्यात आलेला दिसतोय." बहुतेक वेळा ते खरं निघायचं. एका हातात उलथनं आणि दुसऱ्या हातात पुस्तक घेऊन ही बाई चुलीपुढे बसायची, आणि गोष्टीतली नायिका घोड्यावरून पडली की तव्यावरचा नान गेलाच म्हणून समजा. तिच्या नवऱ्याने, मुकायने, जन्मभरात इतके करपलेले नान खाल्ले होते, की एखाद्या दिवशी चांगला भाजलेला समोर आला तर तो काळजीने विचारायचा, "काय गं म्हातारे, पुस्तक संपलं का?"

हे वेड तिला सरकारी शेताच्या गोठ्यात लागलं. तिथे ती धारा काढायला होती. दुपारी गाई रवंथ करायला लागल्या की ही इतर बायकांना मोठ्याने वाचून दाखवायची, आणि मोठ्याने वाचायची ती सवय तिची कधी सुटलीच नाही. पुढे जुनी राजवट जाऊन देश बदलला, सरकारी शेत मोडलं, तेव्हा गावकऱ्यांनी हाताला लागेल ते घरी नेलं. कोणी टायर नेले, कोणी खिडक्या नेल्या, एकाने तर साहेबांच्या खोलीतला पुरुषभर उंचीचा आरसा पाठीला बांधून नेला. झूराकान दोन घोडे घेऊन गेली आणि वाचनालय घेऊन आली. "टायर संपले होते का?" एवढंच सासूने विचारलं.

तेव्हापासून दर उन्हाळ्यात वरच्या कुरणात, जायलूवर जाताना पिठाच्या पोत्यांबरोबर पुस्तकांचं एक पोतं घोड्यावर चढायचं. तिच्याकडच्या शिंगरांना कादंबऱ्यांतली नावं मिळायची. त्यामुळे त्या खोऱ्यात रशियन सरदारणी गवत खात हिंडायच्या, आणि एका आडमुठ्या बोकडाला फ्रेंच वकिलाचं नाव होतं. वकील दरवर्षी कोणाला तरी ढुशी मारायचा.

मुकायचं मात्र पुस्तकांशी काही घेणंदेणं नव्हतं. तो घोड्यांचा पारखी. घोडा चार पावलं चालला की मुकाय त्याची सगळी कुंडली सांगणार, अशी त्याची ख्याती काराकोलच्या रविवारच्या जनावर-बाजारात होती. पण तोंडाने एक चांगला शब्द काढेल तर शपथ. जे जनावर त्याला हवं असायचं, त्याला तो इतकी नावं ठेवायचा, की विकणाऱ्याला ते विकायला आणल्याची लाज वाटावी. झूराकानला मागणी घालायला आला तेव्हा तिच्या बापासमोर बसून म्हणाला होता, "मुलगी जरा बुटकीच आहे, नाही का?" बाप बाजारात वाढलेला. त्याने त्याच दिवशी मेंढी कापायला घेतली. त्यानंतर संसार झाला, तीन मुलं झाली, केस पिकले, पण नवऱ्याच्या तोंडून स्वतःबद्दल एक बरा शब्द काही झूराकानने ऐकला नाही. तिने त्याची वाटही पाहिली नाही. तसलं सगळं पुस्तकांत भरपूर मिळत होतं.

संध्याकाळी ती दिव्याशी बसून वाचायला लागायची आणि तिसऱ्या ओळीला मुकाय घोरायला लागायचा. काल्पाक, म्हणजे आपली पांढरी नमद्याची टोपी, तोंडावर ओढून असा घोरायचा की दाराशी कुत्रा अस्वस्थ व्हावा. झूराकान आवाज चढवायची. असे उन्हाळ्यामागून उन्हाळे गेले.

मग गेल्या उन्हाळ्यात अक्षरं पळायला लागली. ती पुस्तक लांब धरून बघे, जवळ धरून बघे. नवा चष्मा झाला, तरी ओळी एकमेकींत घुसायच्या त्या घुसायच्याच. त्या वेळी ती एका जाडजूड कादंबरीच्या ऐन मध्यावर होती. गिरणीवाल्याची मुलगी हातात कंदील घेऊन गोठलेल्या नदीच्या मधोमध उभी होती, पलीकडच्या काठावर लढाईहून परतलेला नवरा होता, आणि बर्फाला तडा गेला होता. तिथे झूराकानने पुस्तक मिटलं. मुकायला म्हणाली, "रटाळ निघालं." डोळ्यांचं काही बोलली नाही. बोललं की ते खरं होईल असं तिला वाटत होतं.

मुकाय "हं" म्हणाला. दुसऱ्या दिवशी घोड्यावरून खाली गावात गेला आणि रॉकेलचा एक मोठा दिवा घेऊन आला. पुढच्या आठवड्यात आणखी एक आणला. "युर्ट आहे का लग्नघर?" झूराकान ओरडली. त्याने दोन्ही दिवे टांगले आणि तो मेंढ्यांकडे गेला. म्हाताऱ्याला चळ लागलाय, असं तिने ठरवून टाकलं.

या वसंतात राजधानीहून, बिश्केकहून, लेकीचा, गुलझातचा, फोन आला. "आई, एक यंत्र मिळतं. पाटीएवढं. त्यात सगळी पुस्तकं मावतात आणि अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं, अगदी बोराएवढं. काराकोलमध्ये मिळेल. पण चकचकीत काचेचं घेऊ नकोस, कागदासारखं दिसणारं घे."

बोराएवढं अक्षर ऐकून झूराकानला जे भरतं आलं ते काही विचारू नका. त्या दिवशी तिने तिकडच्या खारट चहात मीठ दोनदा घातलं, वकिलाच्या शिंगांना मिठी मारली आणि ढुशी खाल्ली. चार दिवसांनी जायलूवर निघायचं होतं. यंत्र मिळालं तर उन्हाळा तिचा. नाही मिळालं तर पहिला बर्फ पडेपर्यंत मेंढ्यांच्या पाठी बघत बसायचं, आणि ती गिरणीवाल्याची मुलगी तशीच नदीवर उभी.

"मी येतो निवडायला," मुकाय म्हणाला.

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"विकत घ्यायचंय ना? मग कळतं."

रविवारी जनावर-बाजार उरकून दोघं दुकानात शिरली. अंगाला अजून घोड्यांचा वास होता. दुकानात आयझिरेक नावाची तरुण मुलगी होती, बिश्केकमध्ये वाढलेली, घोडा बहुधा चौकातल्या पुतळ्याखालीच पाहिलेली. पण मोठी लाघवी आणि सरळ मनाची मुलगी. तिने काचेच्या फळीवर तीन यंत्रं मांडली.

पहिलं रंगीत आणि झगझगीत. मुकायने ते उचललं, उलटं केलं, कडा चाचपल्या, कानाशी नेऊन ऐकलं.

"याला खायला किती लागतं?"

आयझिरेक गोंधळली. मग तिला उमगलं. वडीलधाऱ्याला म्हणायच्या मानाच्या शब्दाने ती म्हणाली, "चार्जिंग होय, आक्साकाल? रोज करावं लागतं."

"रोज खाणारं वर नेऊन काय करू? सूर्याच्या पत्र्यावर आमचा एक दिवा आणि फोन कसाबसा जगतो." झूराकानने ते दाराबाहेर उन्हात नेऊन पाहिलं. त्यात तिला स्वतःचं तोंड तेवढं दिसलं.

दुसरं काळं, सुबक, कागदासारखं. उन्हातही स्वच्छ दिसलं. झूराकानचा जीव हरखला. पण पान उलटायला त्यावर बोट फिरवायचं होतं. तिने फिरवलं. काही झालं नाही. पुन्हा फिरवलं. पन्नास वर्षं धारा काढून आणि लोकर पिळून बोटांची साल अशी टणक झाली होती, की यंत्राला ती बोटं आहेत हेच पटेना. मुकायने आपलं बोट लावून पाहिलं, तेही पटलं नाही. आयझिरेकने नुसतं टेकवलं आणि पान भुर्रकन उलटलं.

"म्हणजे पानं उलटायला हिला बरोबर न्यावं लागणार," मुकाय म्हणाला.

तिसरं राखाडी होतं. जुन्या घडणीचं, एका कोपऱ्याचा टवका उडालेलं, पण बाजूला दोन ठसठशीत बटणं. आयझिरेकने अक्षर मोठं केलं, आणखी मोठं केलं, आणि झूराकानला एकदम ओळ दिसली. अख्खी ओळ, न अडखळता, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. तिने बटण दाबलं. पान उलटलं. परत दाबलं, परत उलटलं. एका चार्जवर किती दिवस चालतं, असं तिने विचारलं, तर मुलगी म्हणाली, "आठवडेच्या आठवडे चालतं, आपा." झूराकानला तिथेच गिरकी घ्यावीशी वाटली. तिने ती आवरली आणि मुकायची बाही हलकेच ओढली. बाजारातली ही त्यांची जुनी खूण होती. हेच.

मुकायने घसा खाकरला आणि तो कामाला लागला.

"पोरी, हे आजारी आहे का?"

"आजारी?"

"रंग बघ त्याचा. कावीळ झालेल्या मेंढीला याहून बरा रंग असतो."

"कागदासारखं दिसावं म्हणून तसं असतं, आक्साकाल."

"कागदच बघायचा तर कागद काय महाग झालाय? आणि बाजूला ही दोन गळवं कसली आलीत?"

"ती बटणं…"

"कोपरा बघ. कुठेतरी सपशेल आपटलंय. पान उलटताना डोळे मिटतं, ते पाहिलंस? अर्धं आंधळं आहे. हे असलं दारात ठेवता, गिऱ्हाईक बिथरत नाही का?"

झूराकान मनात मोहरून गेली. एवढी नावं त्याने आजवर दोघांनाच ठेवली होती. एक शर्यतीचा घोडा आणि दुसरी ती स्वतः.

आता बाजाराच्या रीतीप्रमाणे विकणाऱ्याने छाती बडवायची, आईची शपथ घ्यायची, असं जनावर सात खोऱ्यांत नाही म्हणून सांगायचं. मग मुकायने पाठ फिरवायची. मग विकणाऱ्याने बाही धरायची. पण आयझिरेकचा चेहरा पडला.

"खरं सांगू का, आक्साकाल, तुमचं बरोबर आहे," ती म्हणाली. "मी मालकांना कधीची सांगतेय, हे जुनं झालं म्हणून. तुमच्यासारख्या वडीलधाऱ्या माणसाला मी हे गळ्यात मारणार नाही." आणि तिने यंत्र खोक्यात घातलं, खोक्याला चिकटपट्टी लावली आणि ते फळीखाली सरकवलं.

मुकाय फळीखाली वाकून बघायला लागला. आयुष्यात कोणी त्याच्या बोलण्याला हो म्हटलं नव्हतं. पुढचं पाऊल काय टाकायचं हे त्याला ठाऊक नव्हतं, कारण बाजारात हे पाऊल नसतंच.

"अगं, पण तसं नाही…" त्याने सुरुवात केली.

"ते खोक्यातलं मला दे," दारातून आवाज आला.

दारात कालबाय उभा. शेजारच्या कुरणावरचा हा घोडेवाला बाजारात मुकायच्या, म्हणजे बाजारवाल्यांच्या 'मुके'च्या, मागे मागे फिरायचा. मुकाय ज्याला शिव्या देईल ते झडप घालून घ्यायचं, हाच याचा धंदा, आणि तरी दर वेळी मुकायच आधी पोहोचलेला असायचा. आज मात्र साधलं. त्याने किंमत विचारली नाही, वस्तू काय आहे तेही विचारलं नाही, नोटा फळीवर ठेवल्या, खोकं कोटात कोंबलं आणि "येतो, मुके. येतो, वहिनी," म्हणून मिशीत हसत निघून गेला.

"असंच दुसरं?" झूराकानने विचारलं.

"महिन्याभराने येईल, आपा. पण मी सांगते, ते खरंच घेण्यासारखं नाही."

रस्त्यावर आल्यावर झूराकान जी सुटली. "तुझी ती जीभ कापून कुत्र्याला घातली तर कुत्राही हुंगून सोडून देईल. 'हे छान आहे, आम्हाला द्या,' एवढं म्हणायला काय झालं होतं? पाच शब्द नाही आले तुला. आता बस उन्हाळाभर त्या बोकडाचं तोंड बघत." तिला रडू आलं होतं, आणि रस्त्यात रडायची लाज वाटत होती. मुकायने काल्पाक काढला, परत घातला.

"कालबाय आशल्यान्फूच्या गल्लीत असेल," तो म्हणाला. "बाजारानंतर तो तिथेच असतो."

होताच. लांब बाकावर बाजारातली चार मंडळी आशल्यान्फूच्या, म्हणजे थंडगार, आंबट-तिखट शेवयांच्या, वाडग्यांवर वाकली होती, आणि मधोमध कालबाय नवं यंत्र दोन्ही हातांत उलटं धरून बसला होता. नवी वस्तू घेतली की ती 'धुवायची', म्हणजे चार जणांना खाऊ घालायचं, ही रीतच आहे. त्यामुळे मंडळी त्याच्या पैशाने दुसऱ्या वाडग्यावर आली होती. वस्तू काय आहे याचा मात्र कोणाला पत्ता नव्हता.

"याच्याने दुधातलं लोणी मोजतात," एकजण म्हणाला.

"छे. गाभण घोडीच्या पोटाला लावायचं. आत शिंगरू दिसतं."

"मुकेने याला आंधळं म्हटलं, कावीळ झालेलं म्हटलं, गळवं काढली," कालबाय अभिमानाने सांगत होता. "म्हणजे विचार करा, काय चीज असेल."

मुकाय समोर बसला. सवयीने म्हणाला, "कालबाय, फसलास. आत्ता पाहिलं उजेडात, मघापेक्षा वाईट दिसतंय. पोटात किडे असणार."

"किडे का?" कालबायचे डोळे चमकले. "मग तुझी तांबडी घोडी दे आणि घेऊन जा."

"या मेलेल्या पाटीला घोडी?"

"मेलेली म्हणालास? मग शिंगरूही दे."

बाक हसून हसून हलायला लागलं. मुकाय जितकं वाईट बोलायचा तितकी त्या यंत्राची किंमत चढत होती. एकाने तर दोघांचे हात धरून बाजारातल्यासारखे वर-खाली हलवायला सुरुवात केली, पण सौदा बसेना. झूराकान भिंतीशी उभी होती. तिने डोळ्यांसमोर पुढचा उन्हाळा पाहिला आणि खाली मान घातली.

तेव्हा मुकायने हात सोडवून घेतला. काल्पाक काढून बाकावर ठेवला.

"कालबाय," तो म्हणाला, "ते चांगलं आहे."

वाडग्यांवरचे चमचे थांबले.

"त्या दुकानात त्याच्याइतकं चांगलं दुसरं नाही. मला ते हवंय. पुस्तक वाचायचं यंत्र आहे ते. हिला अक्षर दिसत नाही आताशा. मी दिवे आणले, त्यांनीही भागलं नाही. गेल्या उन्हाळ्यापासून ती गिरणीवाल्याची पोर कंदील घेऊन नदीवर उभी आहे. बर्फाला तडा गेलाय, डाव्या पायाशी. नवरा पलीकडून ओरडतोय की हलू नकोस. आणि ही म्हणते पुस्तक रटाळ आहे. मला वर्षभर झोप नाही. हिच्यासारखं वाचणारं मी आजवर कोणी ऐकलेलं नाही."

झूराकानने मान वर केली. डाव्या पायाशी. तो तपशील पुस्तकात एकदाच आला होता, तिने वाचलेल्या शेवटून दुसऱ्या ओळीत, आणि ती ओळ तिने वाचली तेव्हा मुकाय दार हलेल असा घोरत होता.

इकडे बाकावर भलतंच घडलं होतं. कालबाय पांढराफटक पडला होता.

"मुकेने चांगलं म्हटलं," शेजारचा हळूच म्हणाला.

"जन्मात म्हटलेलं नाही," दुसरा म्हणाला. "बायकोचीसुद्धा स्तुती केली. कालबाय, तू बुडालास रे."

"गिरणी, नदी, कंदील," कालबाय पुटपुटला. "केवढं रचलंय बघा. मला गुंतवून ठेवायला. दुकानात मी दारामागे आहे हे याला ठाऊक होतं. मला ऐकू जावं म्हणूनच नावं ठेवत होता." त्याने यंत्र हाताला चटका बसल्यासारखं मुकायपुढे सरकवलं. "घे. दिले तेवढे पैसे दे आणि घेऊन जा. हे शेवयांचं मी देतो वर. आण हात."

त्याने मुकायचा हात पकडला आणि मागे घेता येऊ नये म्हणून स्वतःच जोरजोरात हलवला. बाक खिंकाळलं. हातावर हात पडला की सौदा झाला. कालबायने घाम पुसला आणि आनंदाने तिसरा वाडगा मागवला.

"मुके," तो म्हणाला, "आज तुला हरवलं."

"हरवलंस," मुकाय म्हणाला. तो खरं बोलला होता आणि एकाही माणसाने त्यावर विश्वास ठेवला नव्हता. एक झूराकान सोडून.

दोघं दुकानात परतली, तेव्हा आयझिरेकने तीच कादंबरी शोधून यंत्रात भरून दिली आणि वर समजावलं, "आपा, अजून विचार करा." झूराकानने तिच्या दोन्ही गालांचे पापे घेतले. गावाकडे जाणाऱ्या गाडीत खिडकीशी जागा मिळाली, तेव्हा कुठे तिने नवऱ्याकडे वळून पाहिलं.

"इतकी वर्षं तू जागा होतास?"

"हो."

"मग घोरायचास कशाला?"

मुकाय बाहेर बघत होता. "घोड्याला कळलं ना, की पारखी बघतोय, की तो चाल बदलतो. तुझंही तसंच. लेकीची मैत्रीण ऐकायला बसली होती, आठवतं? शाळेत धडा म्हणावा तसं वाचलंस. एकटी असलीस की वेगळं वाचतेस. मेलेल्या माणसासाठी रडतेस, वाईट माणसाला शिव्या घालतेस, मध्येच पुढचं काय होणार ते स्वतःलाच विचारतेस. ते मला हवं होतं." आणि वर म्हणाला, "नानसुद्धा तेव्हाच करपतात."

झूराकानला हसू आलं, मग रडू आलं, मग दोन्ही एकदम आलं, आणि पुढच्या बाकावरच्या बाईने तिला घडी केलेला रुमाल दिला. मुकायने काल्पाक तोंडावर ओढला.

तिने अक्षर बोराएवढं केलं आणि मोठ्याने वाचायला लागली. मुलीने कंदील बर्फावर ठेवला. तिसऱ्या ओळीला शेजारी घोरणं सुरू झालं, नेहमीसारखं, खिडकीची काच थरथरावी असं. मुलीने डावा पाय उचलला. पलीकडून नवऱ्याने दोर फेकला. दोर हवेत होता, आणि झूराकान वाक्याच्या मध्येच थांबली.

घोरणं थांबलं.

ती गप्प बसून राहिली. गाडी एक वळण गेली, दुसरं वळण गेली. काल्पाकाखाली श्वाससुद्धा ऐकू येत नव्हता. ड्रायव्हरने आरशातून मागे पाहिलं आणि वेग कमी केला.

मग तिने त्या दोन गळवांपैकी एक दाबलं. पान उलटलं, तिने पुढे वाचायला घेतलं, आणि शेजारी परत घोरणं सुरू झालं.